नसलेल्या भोंग्याला हाक

हिंगणीहून मामांचा फोन सकाळीच आला. "तुह्यं मशीन घेऊन जाजो बाई. डुकरायनं हरभरा पार नागवला. आज रातच्याले लाइन आली का मी तारेवर डायरेक्ट सोडतो."

माझा चहा तसाच राहिला. बोरगाव मेघेतल्या एका लहान कारखान्यात मी झटका मशीनचे प्रोग्राम लिहिते. हे मशीन शेताभोवतीच्या तारेत थांबून थांबून क्षणभराचा झटका सोडतं. रानडुक्कर दचकून पळतं, मरत नाही. पाण्याच्या मोटारीची लाइन थेट तारेवर सोडली तर डुक्कर मरतं आणि माणूसही. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी डोळ्यांदेखत पीक जायला लागलं की माणसं तार जोडतात. मामांच्या बांधाला लागून तर पायवाट आहे.

"मामा, थांबा. मी निघालीच."

"ये. पण तार मी ओढून ठेवली हाये."

लॅपटॉप पाठीला अडकवून स्कूटी काढली. वाटभर मामांवर चिडत होते आणि कारखान्याच्या शेठजींवर त्याहून जास्त. दुकानदारांना स्वस्त माल हवा म्हणून शेठजींनी बिनभोंग्याचं मॉडेल काढलं होतं. मूळ मशीनमध्ये तारेला काही अडकलं की भोंगा वाजायचा. मामांकडे होतं ते बिनभोंग्याचं.

शेतात मामा वाटच बघत होते. त्यांनी मशीन बंद केलं, डुकराच्या जागी ओलं पोतं तारेवर टाकून त्याचं टोक पाटाच्या चिखलात सोडलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. दिवे एकेक करून लागले, टिक् टिक् सुरू झाली आणि लगेच थांबली. मग दिवे परत पहिल्यापासून लागायला लागले, कुणी आत्ताच बटण दाबल्यासारखे.

"पाह्य. डुक्कर लागलं का हे झोपते, अन् मंग नव्यानं उठते. तोवर डुक्कर आत."

बिघडलेलं मशीन बंद पडतं. हे बंद पडत नव्हतं, सुरुवातीला जात होतं. तिथंच मला अर्धं कळलं. बांधावर बसून मी लॅपटॉप उघडला.

आमचे प्रोग्राम ज्या सी भाषेत असतात, तिच्यात एखाद्या फंक्शनचा, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याचा, पत्ता जपून ठेवता येतो. त्याला फंक्शन पॉइंटर म्हणतात. तो जाहीर करण्याची रीत मोठी खट्याळ आहे. तारांकन आणि नाव मिळून एका कंसात, पुढच्या कंसात ते फंक्शन काय घेतं, आणि सगळ्यात आधी ते काय परत देतं. नावाभोवतीचा कंस विसरलात की भलताच अर्थ निघतो. त्यातलं नाव गाळून उरलेलं सगळं कंसात घातलं की झाला कास्ट, म्हणजे 'पुढे येतं ते याच जातीचं समज' असा हुकूम. माझ्या आधी इथं असलेला आणि आता पुण्याला गेलेला मुलगा या सगळ्यात हुशार. भोंगा नाही म्हणून त्यानं भोंग्याच्या पॉइंटरमध्ये शून्य ठेवलं होतं आणि त्या शून्यावर तो लांबलचक कास्ट चढवला होता. त्याची काही गरज नव्हती. पॉइंटरच्या जागी नुसतं शून्य लिहिलं तरी 'इथं कोणी नाही' हे सीला समजतं. पण ओळ भारदस्त दिसत होती.

खरी गोम पुढे होती. तारेला काही अडकलं की भोंगा आहे की नाही हे न बघताच प्रोग्राम त्या पत्त्यावर उडी मारत होता. संगणकावर असं केलं तर प्रोग्राम जागीच मरतो आणि चूक उघडी पडते. आमच्या इवल्याशा चिपमध्ये शून्य पत्त्यावर प्रोग्रामची सुरुवातच असते. कारखान्यात तपासायला घेत ते भोंग्याचं मशीन, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

पॉइंटर शून्य नसेल तरच बोलवायचं, एवढी अट मी घातली आणि प्रोग्राम चिपमध्ये भरला.

"काय झालतं?" मामांनी विचारलं.

"ह्याले भोंगा नाई, तरी हे भोंग्याले बोलावत होतं. तिथं कोणी भेटे नाई, मंग परत घरून निघे."

"त्या पुण्याच्या पोराले सांगजो, हरभरा लय गोड होता म्हणा."

पोतं परत टाकलं. टिक् टिक् थांबली नाही. माझा जीव भांड्यात पडणार तोच मामा म्हणाले, "पोतं काई हरभरा खात नाई, बाई. रातच्याले पाहू." म्हणजे ती ओढलेली तार तिथंच राहणार. मोटारीच्या पेटीपासून कुंपणापर्यंत ती सरळ पडली होती, जोडायचीच बाकी. मला रडू येईल असं वाटलं. आता काय दाखवू यांना?

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मामी पायवाटेनं आल्या. वळसा घालून फाटकातून यायचा त्यांना कायमचा कंटाळा. आम्ही ओरडेपर्यंत त्या वाकून तारेखालून आत शिरल्यासुद्धा, आणि कोपर तारेला लागलं. मामी किंचाळून हरभऱ्यात बसल्या, डबा घरंगळत गेला. मशीन टिक् टिक् करतच राहिलं.

"काऊन जी, चालू हाये म्हणून सांगता येत नाई? जीव घेता का माहा?"

मामांनी एकदा मामींकडे पाहिलं, एकदा त्या ओढून ठेवलेल्या तारेकडे. तारेचं मामींना काहीच माहीत नव्हतं. मग ते उठले, पेटीपाशी गेले आणि तार कोपराला गुंडाळत गुंडाळत परत आले.

मामी मातीतल्या पोळ्या वेचत त्यांचा उद्धार करत होत्या. चांगला खणखणीत आवाज होता त्यांचा. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. मामींना वाटलं मी त्यांनाच हसते आहे, म्हणून मलाही दोन शिव्या मिळाल्या. मी त्या आनंदानं खाल्ल्या.