बैलबाजारात पोरीचा कॉम्प्युटर

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यापुढं मला शिकवण्यासारखं सरकारकडं काही उरलं न्हाई, असं माझं मत. त्यामुळं धाकटी पोरगी पुण्यात माणसांकडं बघायला शिकून राह्यली हे कळलं, तेव्हा मोठं कौतुक वाटलं. कॉम्प्युटरवर लोकांसाठी काही बनवायचं तर आधी लोकांपाशी बसायचं, त्यांना वापरायला द्यायचं अन् ते कुठं अडतात ते गुमान बघायचं. एवढ्यासाठी अख्खा कोर्स होता, अन् त्याला फी पण होती.

तेव्हा मोबाइल नुकतेच लोकांच्या खिशात आल्ते. पोरीनं लॅपटॉपवर बैलबाजार बनवला होता. घरबसल्या बैलाचा फोटो बघा, खाली मोठ्या आकड्यात मालकाची किंमत वाचा. मला आकडे लय आवडले. चष्म्याबिगर दिसत होते.

बदनापूरच्या ठेसनावरून तिला आणलं अन् दुसऱ्या दिवशी गावात घरोघर फिरवलं. ती पुढं, मी मागं. प्रत्येकानं चहा पाजला, दोन बटणं दाबली अन् "बेस झालं बघा" म्हणाला. एक जण तर बंद पडद्याकडं बघूनच बेस म्हणाला. माहेरी आलेल्या पोरीचं काम तिच्या बापासमोर वाईट कोण म्हणील? मी खूश.

मंग तिच्या सरांचा फोन आला. सगळ्यांना सगळं आवडलं म्हणजे तू कुणाला नीट बघितलंच न्हाई, म्हणाले. लोकांना काय खटकतं ते शोधून आण, न्हाईतर पास करणार न्हाई. पोरीचं तोंड उतरलं. वर्ष वाया जायची पाळी आल्ती.

"आबा, शहागडकडच्या बाजारात जाते. तिथं मला कुणी वळखत न्हाई. हे पुण्याच्या एकानं बनवलं म्हणून सांगते, मंग लोक मोकळं बोलतील."

"अन् मी?"

"तुम्ही येऊ नका."

मला येऊ नका म्हणणारं माणूस अजून जन्मायचंय, अशी माझी समजूत होती. ते माझ्याच घरात जन्मलं होतं. मी गेलोच, बैल बघायच्या निमित्तानं. लिंबाखाली लॅपटॉप उघडून ती बसली होती. मला बघितलं अन् म्हणाली, "काका, जरा सरकता का? उजेड अडतो." सरकलो.

तेवढ्यात एक हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, येऊन वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "बाई, हे कुण्या येड्यानं बनवलं?"

"पुण्याच्या एकानं. का हो?"

"किंमत अशी चव्हाट्यावर मांडतं का कुणी? पाव्हणं, तुम्हीच सांगा. येडाच हाय ना तो?"

हे मला होतं. माझी पोरगी हाय, तोंड सांभाळ, असं जिभेवर आल्तं. पण तेवढं बोललो असतो तर त्यानं लगेच बेस झालं म्हटलं असतं, अन् पोरीचं वर्ष तिथंच मातीत गेलं असतं.

"येडाच," मी म्हणालो.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. एकाशी सौदा फिसकटला तरी दुसऱ्याला आकडा कळत न्हाई, बैलाची किंमत पडत न्हाई. बाया बैलबाजारात येत न्हाईत, पोरीला कुठून कळणार? मला जन्मभर म्हाईत होतं, पण तिनं विचारलं न्हाई. मी न विचारता सल्ला देत न्हाई, फक्त हुकूम देतो.

बाईमाणसाचा हात धरता येत न्हाई म्हणून हेड्यानं माझा धरला, वर रुमाल टाकला अन् बोटं दाबली. मीही दाबली.

"आता बोल बाई, काय ठरलं?"

"मला तर काहीच दिसलं न्हाई."

"मंग? बराबर. तेच पाह्यजे."

पोरीचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या तारिफीनं कधी उजळला न्हवता. ती खाली मान घालून भराभर लिहायला लागली.

"हुशार दिसती," हेडी मला हळूच म्हणाला. "कुणाची असल?"

"काय म्हाईत," मी म्हणालो.

परतीच्या एस्टीत तो पण चढला. मंग पोरगी पुढं बायकांत बसली अन् मी मागं, त्याच्या शेजारी. अंबड येईस्तोवर तो त्या पुण्याच्या येड्याची अक्कल काढत राह्यला, अन् मी हो हो करत राह्यलो.