दादाची लाल टेप

माझा थोरला भाऊ कारखान्यात नेटवर्कच्या केबली टाकायचा. मी तिथलाच वायरमन. दादा भारी खोचक. एकदा चारचौघांत म्हणाला, "आमच्या धाकट्याला मोकळी तार दिसली की अर्थिंगला जोडल्याशिवाय चैन पडत नाही!" सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून आमचा अबोला. तीन आठवडे एकाच कँटीनमध्ये पाठीला पाठ लावून जेवलो. काय म्हणावं आम्हाला!

जुन्या आणि नव्या इमारतीचं अर्थिंग वेगवेगळं. दोन्हींना जोडणाऱ्या केबलीवर धातूची जाळी होती. दादाने ती फक्त जुन्या इमारतीत अर्थिंगला जोडली होती. नव्या इमारतीतल्या टोकावर लाल टेपचे सात घट्ट वेढे. जुन्या इमारतीत बिघाड झाला, तर नव्या इमारतीत कुणाला झटका बसू नये म्हणून. हे मला नंतर कळलं.

कारखान्यातल्या विजेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मला ते टोक दिसलं. म्हटलं, आळशीपणा, दुसरं काय! विचारायला गेलो तर पुन्हा टोमणा ऐकावा लागणार. टेप सोलून खिशात टाकली आणि जाळी नव्या इमारतीतल्या, अर्थिंग केलेल्या लोखंडी रॅकला जोडून मोकळा झालो.

दोन दिवसांनी जुन्या इमारतीतली मोटार बिघडली आणि केबल तापायला लागली. दादाला बोलावलं. त्याने माझी जोडणी पाहिली असणार. एक हात रॅकवर ठेवून दुसऱ्या हाताने जाळी सोडवली. ती सुटली आणि जुन्या इमारतीतून जाळीत आलेली वीज त्याच्या अंगातून रॅकमध्ये गेली. दादा गेला.

अहवालात आलं, 'टोकाला टेप नव्हती, केबलवाल्याचा निष्काळजीपणा.' मी गप्प बसलो. माझीच लाज वाटते मला.

वहिनी मात्र येईल त्याला सांगायच्या, "अहो, हे टेप विसरतील? घरातली इस्त्रीची वायरसुद्धा टेप गुंडाळल्याशिवाय सोडली नाही त्यांनी!" लोक माना डोलवायचे आणि विषय बदलायचे.

काल मी तो टेपचा बोळा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. उद्या साहेबांना लिहून देतो, असंही म्हणालो. त्यांनी तो बोळा उचलून हातात घेतला.

"एकदा विचारायचं होतं ना त्यांना, भाऊजी."

"अबोला होता, वहिनी."

"तुमचा असेल. हे रोज डब्यात तुमच्या वाटणीचं घालून न्यायचे. संध्याकाळी तसंच परत यायचं."