निरवांगीच्या ताईंना समुद्र हवा होता

पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं हे ठरवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मला आजही वाटतं. बारामतीत एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या एका हातात डबा आणि दुसऱ्यात पुस्तक असतं, म्हणून मैत्रिणी चिडवतात. दहा पानांत मला पुस्तकाचा अंदाज येतो, आणि तो सहसा चुकत नाही.

आमचा वाचनगट मोबाइलवरचा. अकरा जण, निम्मे बारामतीचे, निम्मे इंदापूरकडचे. दर रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल. महिन्याला एक पुस्तक, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुढचं ठरवायचं. गट सुरू केला इंदापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. सगळे त्यांना सर म्हणतात. पहिलं वर्षभर पुस्तक सरच सुचवायचे आणि आम्ही ग्रुपवर अंगठे टाकायचो. शेवटी मीच म्हटलं, पाळी लावू या. सरांनी हसत मान्य केलं आणि पहिली पाळी मलाच दिली.

त्याच सुमारास निरवांगीच्या एक ताई गटात आल्या. सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, गावात शिवणकाम करायच्या. कॉलवर कॅमेरा बंद, मागे मशीनचा आवाज. फारसं बोलत नसत. एकदाच सांगितलं होतं, की आजा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचा, वडिलांनी कळप विकला आणि शेती धरली.

मी ते लक्षात ठेवलं. माझ्या पाळीला मी मेंढपाळांच्या जगण्यावरची एक कादंबरी सुचवली. ताई बोलत्या होतील, हा माझा हिशेब. पुस्तकही खरंच चांगलं होतं. मी पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलले. भराभर अंगठे आले. मग मशीनचा आवाज थांबला.

“मॅडम, एक बोलू का?”

“बोला ना, ताई.”

“पुस्तक चांगलंच आसंल. पर तुमी ते माज्यासाठी निवडलंय, व्हय ना?”

मी हो म्हणाले.

“मग मला न्हाय वाचायचं. मेंढरांचं मला ठावं हाय. कुणाला कळलं आमी कोण, की त्येच हातात देत्यात. मला समुद्राचं वाचायचं हाय.”

सर म्हणाले, “अगं, तुझी पाळी आली की सुचव.” माझे कान तापले होते. पण राग आला तो स्वतःचा, कारण त्या म्हणाल्या ते खरं होतं. त्यांना काय आवडतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी पुस्तक निवडलं होतं ते त्यांच्या आजाकडे बघून, त्यांच्याकडे नाही.

“सर, पाळी माझी आहे, तर मी सांगते तसं करू,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी मी माझ्या पुस्तकाचं पहिलं पान वाचते, ताई त्यांच्या पुस्तकाचं वाचतील. ज्याचं दुसरं पान ऐकावंसं वाटेल, ते घेऊ.”

“माज्याकडं पुस्तक कुठं हाय?” ताई म्हणाल्या.

“मिळवू की.”

बुधवारी त्या अस्तरं आणि दोरे घ्यायला बारामतीला आल्या. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्यांना घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. समोरासमोर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलताना नजर थेट. दुकानदाराने समुद्रावरची तीन पुस्तकं काढून दिली. ताईंनी उभ्या उभ्या तिन्हींचं पहिलं पान वाचलं, ओठ हलवत, घाई न करता. चित्रांचं जाड पुस्तक त्यांनी लगेच बाजूला ठेवलं. दुसऱ्यात वर्णनंच फार होती. तिसऱ्या पुस्तकात मालवाहू बोटीवरच्या एका आचाऱ्याच्या आठवणी होत्या. ते त्यांनी पिशवीत टाकलं.

“समुद्रच का?” मी चहा घेताना विचारलं.

“आजा मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा. समुद्र बघून आला, पर सांगता यायचं न्हाय त्याला. निस्तं पाणी, निस्तं पाणी, एवढंच म्हणायचा. मला त्याच्या पुढचं पायजे.”

रविवारी मी आधी वाचलं. चांगलं वाचलं, हे मला माहीत आहे. मग ताईंनी पहिल्यांदा कॅमेरा लावला. आचारी बटाटे सोलत बसलाय, बोट बंदरातून बाहेर पडते, आणि पहिल्या लाटेला बटाट्यांची पाटी घरंगळत या भिंतीकडून त्या भिंतीकडे जाते, असं ते पान होतं. निम्म्यावर रेंज गेली. पाटी अर्ध्या वाटेत अडकली. आम्हा दहा जणांपैकी एकानेही कॉल सोडला नाही. चार मिनिटांनी ताई परत दिसल्या, आता पत्र्याच्या शेडबाहेर, उन्हात डोळे बारीक करून. त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

मी मत त्यांच्या पुस्तकाला दिलं. सर मत द्यायला शेवटपर्यंत थांबले. “त्या बटाट्यांचं पुढे काय झालं ते मला ऐकायचंय,” म्हणाले. सात विरुद्ध चार.

पुस्तक महिनाभर वाचलं. चर्चेच्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं, की मधली पन्नास पानं कंटाळवाणी आहेत, सामानाच्या याद्याच याद्या. सर सावरून घेणार होते, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, “व्हय, मलाबी जड गेली ती. पर वादळ संपल्यावर आचारी सगळ्यांस्नी गरम भात वाढतो, ते मी तीनदा वाचलं.” मग त्या वादळाबद्दल बोलत राहिल्या. पाण्याचा रंग कसा बदलतो, उभं राहताना पाय कुठं रोवायचे, रात्री किनारा कसा ओळखायचा. वीस मिनिटं झाली तरी त्यांना कोणी थांबवलं नाही.

पहिलं पान वाचून दाखवायची पद्धत गटात टिकली आहे. त्यात मी दोनदा हरले, तरीही माझा अंदाज चांगलाच आहे असं मी म्हणते. फरक इतकाच, की आता पुस्तक सुचवण्याआधी मी गटातल्या एकेकाला फोन करून विचारते, तुम्हाला काय वाचावंसं वाटतंय.