दिगंबररावांची जर्मनी

रविवारी सकाळी अमोलचा फोन आला, तेव्हा मी चपला घालून त्यांच्याकडेच निघालो होतो. अमोल म्हणजे दिगंबररावांचा मुलगा, पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला. "काका, बाबा गेले हो..." एवढंच तो कसाबसा बोलला. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी विचारलं, "गाडीखाली होते का?" मग तो म्हणाला, "नाही काका. खुर्चीत होते. पेपर वाचत." मला आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्यांच्या वतीनं थोडा रागही आला. अकरा वर्षं हा माणूस एक जॅक आणि चार विटा यांच्या भरवशावर त्या गाडीखाली आडवा होत आला, आणि गेला तो पेपर वाचताना! त्यांनी स्वतः हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, "ह्यात काय मजा आली नाय, सर."

आमची घरं समोरासमोर. ते सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन, मी कॉलेजात ग्रंथपाल. एकाच वर्षी दोघं निवृत्त झालो. रिकाम्या वेळाची दोघांनाही धास्ती होती. माझी सोय पुस्तकांनी केली. दिगंबररावांनी चिकलठाण्याच्या एका बंद कारखान्याच्या शेडमधून एक जुनी जर्मन गाडी उचलून आणली. चार दारांची, दिसायला अगदी संसारी, पण पळायला स्पोर्ट्स गाडी, असं तिच्याबरोबर आलेल्या जाडजूड इंग्रजी दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलं होतं. आमच्या कॉलनीत ती ट्रॅक्टरला बांधून आली, त्यामुळे पळण्याचा मुद्दा तेवढा पुढे ढकलला गेला.

"माझे हात काळे होणार, तुमचे कोरे," त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली. "तुम्ही वाचा, मी करतो." तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला मी त्यांच्या पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत बसायचो. गाडीखालून सतरंजीवरचे त्यांचे दोन पाय बाहेर दिसायचे. मी एक वाक्य इंग्रजीतून मराठीत करून मोठ्यानं सांगायचो आणि थांबायचो. खालून खुडबुड ऐकू यायची, कधी पाना पडायचा, कधी एखादी शिवी, आणि मग आवाज यायचा... "पुढं?" ग्रंथालयातल्या सबंध नोकरीत माझं वाचन कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. एकदा मी म्हणालो, "आता डावीकडचा बोल्ट सैल करा." खालून प्रश्न आला, "कुणाच्या डावीकडचा, सर? तुमच्या, माझ्या का गाडीच्या?" या प्रश्नाचा निकाल लावायला आम्हाला दोन रविवार लागले.

मंदावहिनींची पितळी परात पहिल्याच महिन्यात ऑइल झेलायला गेली. पाठोपाठ सांडशी गेली, चहाची गाळणी गेली. कुणाचा फोन आला की वहिनी निर्विकारपणे सांगायच्या, "ते जर्मनीत आहेत." जर्मनी म्हणजे पोर्च. दिगंबररावांच्या एका जुन्या सहकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्यानं सगळ्या खात्यात बातमी पसरवली आणि येताना एक घड्याळ आणायचा निरोपही ठेवला. वर्षभरानं वहिनींनी त्याला बाजारातून भिंतीवरचं घड्याळ घेऊन दिलं. "जर्मनीहून आलंय म्हणा, त्याशिवाय तो ऐकायचा नाय," असं मलाही बजावून ठेवलं.

वहिनींची खरी तक्रार परातीची नव्हती. त्यांचं माहेर गंगापूरचं. गाडी आणली त्या दिवशी दिगंबरराव जोशात बोलून गेले होते, "मंदे, तुला ह्या गाडीत बसवून थेट तुझ्या भावाच्या दारात उतरवतो." भाऊ म्हणजे बापू. ऊसवाला माणूस, आवाज मोठा आणि मनही मोठं. त्यानं बहिणीच्या कौतुकापोटी घराचं जुनं फाटक काढून चांगलं रुंद लोखंडी फाटक बसवून घेतलं. मग प्रत्येक सणाला त्याचा फोन यायचा, "दाजी, फाटकाला गंज चढायलाय. कधी येता?"

गंगापूर काही फार लांब नाही. पण वाळूज ओलांडलं की थोड्याच वेळात गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर जायचा, बॉनेटमधून वाफ निघायची आणि एका कडुलिंबाखाली गाडी उभी राहायची. जागासुद्धा ठरलेली. तिथं रज्जाकभाईंची चहाची टपरी होती. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर तेच आम्हाला लांबून बघून हाक मारू लागले, "आओ साब, बाल्टी भरके रखी है!" पाणी ओतायचं, चहा घ्यायचा, गाडी गार झाली की तोंड वळवून घरी यायचं. प्रत्येक खेपेला मी पुढच्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन बसलेलो, नि मागच्या सीटवर वहिनी डब्यासकट. पुढे वहिनींनी मागची सीट सोडली. एका नागपंचमीला त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येते." आम्ही लिंबाखाली वाफ बघत उभे असताना त्यांची एसटी आली आणि आमच्याजवळ मंदावली. खिडकीत वहिनी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमच्या घरचे दिसतेत. थांबवू का?" वहिनींनी आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "नाय बा. आपल्या ओळखीचं कोणी नाय." हे ऐकून दिगंबरराव इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. पण परत येताना वाळूजजवळ म्हणाले, "सर, एकदा तरी पोचायला पाहिजे राव."

त्यांनी पंप बदलला, नळ्या बदलल्या, रेडिएटर दोनदा उघडून धुतला. गाडी लिंबापुढं गेली नाही. त्यांचं वय वाढलं, गाडीखालून उठताना बंपरचा आधार लागू लागला, पण "पुढं?" थांबलं नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या. कायगावला गोदावरीत सोडायच्या होत्या. अमोल म्हणाला, "माझ्या गाडीनं जाऊ." वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या गाडीतनं जायचं. वाटेत जरा वळलं की गंगापूर लागतं." अमोलनं माझ्याकडे बघितलं. निघायच्या आदल्या दुपारी, निदान पाणी तरी नीट भरून घ्यावं म्हणून मी पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा काढलं. आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो.

पाणी भरताना गाडीतला हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, असं तिथं लिहिलं होतं. नाहीतर हवा आतल्या नळ्यांत अडकून राहते आणि इंजिन तापतं.

हे वाक्य मी पूर्वी वाचलेलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात, भर एप्रिलच्या एका रविवारी. तेव्हा मला वाटलं होतं, हे बर्फातल्या लोकांसाठी लिहिलंय. मोठ्यानं वाचलं तर दिगंबरराव वाद घालायला गाडीखालून बाहेर येतील आणि अर्धा तास जाईल. मी ते वाक्य मनातच वगळलं आणि पुढचं सांगितलं. नंतर तर हे प्रकरण मला जवळजवळ पाठच झालं, आणि पाठांतरात ती ओळ नव्हती.

आता लपवणं शक्य नव्हतं. मी ते वाक्य अमोलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण काका, बाबांनी हे कधी केलं नव्हतं?" मी म्हणालो, "मी त्यांना ते कधी वाचून दाखवलंच नाही." वहिनी दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता इथून उठावं आणि परत तोंड दाखवू नये. त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एवढी पुस्तकं वाचलेला माणूस तुम्ही..." आणि पदरानं डोळे पुसून, "वाचलं असतं तरी त्यांनी लावला नसता. उन्हाळ्यात गिझर लावू देत नव्हते घरात. आता लाव रे अमोल हीटर."

अमोलनं हीटर लावून पाणी भरलं, हवा काढली. हीटर परत बंद करायचा धीर मात्र आम्हा दोघांपैकी कुणालाच झाला नाही. दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात, गरम वाऱ्याचा झोत तोंडावर घेत, आम्ही तिघं घामानं निथळत निघालो. वहिनींच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश. वाळूज मागे पडलं. काटा मध्यावर. लिंब दिसू लागला. काटा मध्यावरच. रज्जाकभाई बादली घेऊन रस्त्यापर्यंत आले होते. वहिनी म्हणाल्या, "थांबव. त्यांना सांगून जाऊ." अमोलनं इंजिन चालूच ठेवलं. रज्जाकभाईंनी आत वाकून बघितलं, "साब किधर?" वहिनींनी कलशावर हात ठेवला. रज्जाकभाईंनी बादली हळूच खाली टेकवली. मग म्हणाले, "पानी नको आज?"

"नको भाई," वहिनी म्हणाल्या. "आज पोचतेत ते."

बापू फाटकाशीच उभा होता. अस्थी घेऊन कुणाच्या दारात जात नाहीत. वहिनी म्हणाल्या, "रस्त्यावरनंच नमस्कार कर, बापू." त्यानं ऐकलं नाही. दोन्ही दारं धरून सताड उघडली. "दाजींना बाहेर उभं करू? मग फाटक कशाला केलतं मी?" गाडी आत गेली, अंगणात एक वळसा घेतला आणि बाहेर आली. कुणी उतरलं नाही. बापू दोन्ही हातांनी फाटक धरून लहान मुलासारखा रडत होता, आणि आमच्या तोंडावर हीटर चालूच होता.

कायगावला अस्थी सोडून आल्यापासून गाडी पोर्चमध्ये आहे. अमोल पुण्याला गेला. रविवारी आठला माझे पाय आपोआप तिकडे वळतात. वेताची खुर्ची कुणी हलवलेली नाही. मी पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं आहे, आणि या खेपेला एकही ओळ सोडत नाही. परवा ब्रेकचं प्रकरण चाललं होतं. पायरीवर वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. एक वाक्य संपवून मी नेहमीच्या सवयीनं थांबलो. सतरंजी गुंडाळून गाडीच्या खाली ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघत तसाच बसून राहिलो.

वहिनींनी मेथीवरून मान वर केली नाही. "पुढं?" त्या म्हणाल्या.