मंगळावरची रानी आनि आमची कुसुम

याच्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव बापू, आपल्या हातानं संत्रं सोलून देईन! आमच्या पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या शेडातले किस्से हायेत हे. ढिगातलं एक संत्रं ओढलं का वरचे दहा घरंगळत येतात ना, तसे.

ऐंशीच्या नंतरची गोष्ट. आमी बाया संत्रे निवडून पेट्या भरो, आनि शेजारची कुसुम आमाले पुस्तक वाचून दाखवे. मॅट्रिक झालेली पोरगी. बसस्टँडवरून भाड्यानं कादंबऱ्या आने, साऱ्या मंगळ ग्रहावरच्या! तिथं लाल माती, काचेचे महाल, उडते रथ, आनि एक रानी. कुसुमच्या पत्रिकेत कडक मंगळ, म्हनून स्थळं दारातूनच वापस जात. ते म्हने, "मावशी, ज्यानं माहं लग्न अडवलं, त्याचं गाव तं पाहून घेऊ दे!"

*

एक दिवस तिनं वाचलं, मंगळाले दोन चंद्र हायेत. आमच्यातल्या गंगाबाईच्या हातातलं संत्रंच पडलं. उपासाची पक्की बाई!

"मंग तिथं चतुर्थी सोडाची कोनता चंद्र पाहून?"

मी म्हनलं, "पहिल्याले पाहून भात, दुसऱ्याले पाहून वरन!"

दुपारभर वाद. शेवटी गंगाबाई म्हने, "मले नाई जमत बाप्पा थ्या गावात."

*

मंग रानीले दुश्मनानं कैदेत टाकलं. गंगाबाईनं जामसावळीच्या मारुतीले नारळ बोलला. रानी सुटली! आमी साऱ्या गेलो नारळ फोडाले. पुजारी विचारे, "कोनाच्या नावानं?"

"रानीच्या."

"राहते कुठं?"

मी म्हनलं, "मंगळावर!"

पुजारी म्हने, "लई लांबून आल्या, प्रसाद जास्त घ्या."

*

भाड्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान हमेशा फाटलेलं. पन कुसुम कधी थांबली नाई. पुठ्ठ्याकडे पाहून धडाधड वाचे! हरवेळी रानी जिंके, आपल्या रथात बसून घरी जाय. आमाले सारं समजे. पन रानी हरलेली कोनाले पाहिजे होती?

मी म्हनो, "पोरी, तूच लिहून काढ ना एखादं!" ते नुसती लाजे.

*

मंग तिगावचं स्थळ आलं. बिजवर, कानशिलाचे केस पांढरे. पन त्यालेही मंगळ! मंगळाले मंगळ कटते म्हने. कुसुमनं बापाले साफ सांगतलं, "मले नाई कराचं हे लग्न." बाप ऐकून न ऐकल्यासारखा.

नवऱ्याची माय विचारे, "पोरीले मंगळ पक्का हाये ना?"

मी पडद्यामागून म्हनलं, "पक्का! पाय धुवाले पानी द्या तिले, आताच तिथून आली!"

सारे हासले. कुसुम नाई हासली.

त्या सालापासून शेडात नुसता पेट्यांवर खिळे ठोकाचा आवाज.

*

बिदाईच्या वक्ती गंगाबाईनं तिले गच्च धरलं. रडता रडता विचारते, "पोरी, या वक्तीची गोष्ट अर्धीच राहिली व. रानी घरी पोचली का नाई?"

कुसुमनं डोक्यावरचा पदर सावरला.

"शेवटचं पान फाटलेलं हाये, मावशी."

आनि जीपमधी जाऊन बसली.

पुस्तक दुकानात वापस कराले माह्याजवळच देलं होतं तिनं. मी उघडून पाह्यलं. शेवटचं पान जागच्या जागी होतं.

असा काय पाहून राहिला माह्याकडे? घे, हे संत्रं घे. आनि जाय आता.