नव्याच्या दिवसाची गोळी

सव्वा महिना झाला मामाला जाऊन. पुण्यात ज्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते, तिथं कणीक मळताना जयानंदचा फोन आला. जयानंद म्हणजे मामाचा मुलगा. तो धापा टाकत होता. "अक्का, अप्पाच्या अंगात वारं आलंय. माझा हात फाडला विळ्यानं. देवळाच्या खांबाला बांधून घातलाय." मागून छडीचे सपकारे ऐकू येत होते आणि कुणीतरी ओरडत होतं, "कोण तू? बोल, कोण तू?" मी म्हटलं, अरे, मामाच्या अंगात आजवर कधी काही आलेलं नाही. "आज आलंय," तो म्हणाला आणि रेंज गेली... तिसऱ्या दिवशी दांडेलीच्या दवाखान्यात मामाचा जीव गेला.

माझी शाळा सातवीत सुटली, लिहायची सवय नाही. पण या माणसाबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझा बाप आईला मारायचा, हातात येईल त्यानं. मी लहान असताना एकदा तो फळी घेऊन आईच्या अंगावर धावला, तेव्हा मामा त्याच्या गावाहून, नंदिगड्ड्याहून चालत येऊन नुकताच उंबऱ्यात टेकला होता. तो मध्ये उभा राहिला. फळी त्याच्या कपाळावर बसली. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि हा माणूस म्हणत होता, "भावजी, अजून मारायचं असंल तर मला मारा. मग ह्या दोघींना मी नेतो." त्यानं उलटा हात उचलला नाही. त्याच्या घरात मी वाढले, त्याच्या भातावर वाढले. आज मी माझ्या पायावर उभी आहे ती त्या एका फळीमुळं.

म्हणून त्याला साखर निघाली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. शेजारच्या म्हाताऱ्याचा पाय साखरेनं गुडघ्यातून काढलेला मी पाहिला होता. डॉक्टरांकडं मामाला मीच घेऊन गेले. ते कन्नडात दोन गोष्टी सांगत होते. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, जेवण नसेल तर गोळीही नाही. मी दोन्ही ऐकल्या. डोक्यात मात्र पहिलीच राहिली, कारण मला भीती पायाची होती. पुण्याला आल्यावर रोज सकाळी सातला मी फोन करायची. "मामा, गोळी घेतली?" तो हसायचा. "घेतली गं बाय, पोलीस बरा तुझ्यापरास."

मे महिन्यात मी गावी होते. एकदा लाकडं फोडून मामा उशिरा घरी आला, घामानं चिंब, हात थरथरत होते. मामी भात वाढत होती तोवर त्यानं पितळी तांब्या उचलून तिच्या अंगावर फेकला. खांद्याला लागला. "रांडे, किती उशीर," असं म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चार घास पोटात गेल्यावर तो गप्प झाला, मामीकडं बघून त्यानं विचारलं, "तुला काय लागलं?" मामी म्हणाली, "म्हातारपणात डोकं फिरायला लागलं तुमचं." आम्ही हसलोसुद्धा. काय हसलो...

आमच्याकडं नव्याच्या दिवशी, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या सणाला, भाताची पहिली लोंबी कापायचा मान मामाच्या घराचा. देवाला वाहून झालं की तो प्रत्येक घराच्या दाराला लोंबी बांधत जातो. घरं रानात विखुरलेली, मधे ओढे, चढ. शेवटच्या दारी लोंबी बांधेपर्यंत त्याच्या तोंडात दाणा जायचा नाही. त्या सकाळीही मी सातला फोन केला. मामा म्हणाला, "आज नवं हाय. तोंडात काय घालणार न्हाई." मी म्हटलं, "गोळी म्हंजे काय जेवण न्हवं, मामा. घोटभर पाण्याबरोबर घे. देव काय म्हणत न्हाई." मग म्हणाला, "तू म्हणतीस तर घेतो."

पुढचं जयानंदनं सांगितलं. आठव्या घरापाशी मामा झोकांड्या द्यायला लागला. लोंबी दाराऐवजी हवेत बांधत होता. जयानंदनं विळा काढून घ्यायला हात धरला, तर मामानं विळा त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओढला. एकाच्या छातीत लाथ घातली, एकाच्या हाताला चावला. घामानं डबडबलेला, डोळे फिरलेले. लोक म्हणाले, देव आलाय. वारं आलेल्याला देव बोलेपर्यंत पाणीही देत नाहीत. चौघांनी आडवा पाडून त्याला देवळाशी नेला, दोरीनं आवळला, पाठ फुटेपर्यंत छडी मारली. शेवटी मान खाली पडली. सगळ्यांनी हात जोडले, देव शांत झाला म्हणून... पायाशी गुळाचा नैवेद्य ठेवलेला होता. त्यातला खडा कुणी त्याच्या तोंडाला लावला नाही. जीप मिळून दांडेलीला पोचायला संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी उतरली होती की मशीनवर आकडा आला नाही, अशात माणसाला आपण काय करतो ते कळत नाही.

बाराव्याला गेले तर जयानंद कुणाशी बोलत नव्हता. दोरीची गाठ त्यानं मारली होती. गाव त्याची समजूत घालत होतं, देवानं नेलं म्हणून. मला ते गिळता येईना. अंगणात त्याला गाठून मी सांगितलं, "त्या दिवशी उपाशी पोटी गोळी मी घ्यायला लावली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं." त्यानं एकदा विचारलं, "तुला ठावं होतं?" मी व्हय म्हटलं. त्यानं धड हातानं माझ्या थोबाडीत मारली, मग गळा धरून भिंतीवर आपटली. "मी बापाला गुरासारखा बांधला," तो म्हणत होता, "मी बांधला, आन् तू..." मी सोडवून घेतलं नाही. मला वाटलं, हे व्हायलाच हवं.

मामीनं आतून येऊन फुंकणीनं त्याच्या मनगटावर मारलं. हात सुटला. ती रडत नव्हती. "आधी आत येऊन पेज प्या दोघं," म्हणाली. "उपाशी पोटानं आता ह्या घरात कोण कुणावर हात टाकणार न्हाई."

मामा जिथं पाठ टेकून जेवायचा त्या भिंतीशी आम्ही बसलो. नव्या तांदळाची पेज होती, वर गुळाचा खडा. जयानंदच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, त्याला वाटी धरता येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी वाटी धरली, तो प्यायला.