नांदेडच्या फ्लॅटवरची बारी

आमच्या लातुरात मूल दहावी झालं की आईबापांची परीक्षा सुरू होते, आणि ती त्यांना इतकी आवडते की बारावी संपली तरी कोणी पेपर खाली ठेवायला तयार नसतं. त्या दोन वर्षांत टीव्हीवर चादर पडते. लग्नाला जायचं ते एकट्या बापानं, तेही अक्षता टाकून लगेच परत. गावाकडच्या बाया पोरांसाठी इथं खोली करून राहतात आणि संध्याकाळी क्लासच्या फाटकाशी उभ्या राहून एकमेकींच्या पोरांचे मार्क विचारतात. आपल्या पोराचे सांगत नाहीत. माझं घर शहरातच, गंजगोलाईच्या बाजारापासून चालत जाण्याएवढं, म्हणून मला खोली करावी लागली नाही, एवढाच फरक.

मग निकाल लागतो. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर पोर कोपऱ्यात आणि क्लासचे सर मधोमध. आमच्या मुलीला नांदेडला इंजिनिअरिंगला जागा मिळाली तेव्हा ह्यांनी आमच्या हार्डवेअरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला, मूठभर खिळे घेणाऱ्यालासुद्धा. पहिलं वर्ष त्या पेढ्यांच्या जोरावर निघालं. खरी पंचाईत दुसऱ्या वर्षापासून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा फ्लेक्स कोणी लावत नाही. प्रवेशाचं कौतुक शिळं झालेलं, नोकरी अजून लांब, आणि मधल्या काळात पोर नेमकं काय करतं हे बापाला चारचौघांत सांगता येत नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. आमच्या लोकांना तेच जमत नाही.

मुलीच्याच क्लासच्या आणखी तीन मुली त्याच कॉलेजात होत्या. दुसऱ्या वर्षी चौघींना हॉस्टेलमधून काढलं, वर्कशॉप कॉर्नरच्या पलीकडं एक फ्लॅट भाड्यानं घेतला आणि ठरलं की चौघींच्या आयांनी बारी लावून एकेक महिना तिथं राहायचं. मुलींना गरम जेवण मिळावं म्हणून. गरम जेवण हे आपलं सांगायला. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ही कल्पना एका बाईंची. त्यांचे यजमान प्राध्यापक, त्या स्वतः काहीच करत नाहीत आणि म्हणून सगळंच करतात. मी मनातल्या मनात त्यांना अध्यक्षीणबाई म्हणायची. त्यांनी पालकांचा ग्रुप काढला, त्यावर नियम टाकले आणि बापमंडळींनी खाली अंगठ्याची चित्रं टाकून आपली जबाबदारी संपवली. आमच्या ह्यांचा अंगठा सगळ्यांत आधी.

नियम तर ऐकण्यासारखे. सकाळी सोललेले बदाम मुलींच्या हातात द्यायचे. झोपायच्या आधी चौघींचे फोन स्टीलच्या डब्यात घालून डबा आईच्या उशाशी. संध्याकाळी सातला चौघींनी हॉलमध्ये वह्या उघडून बसायचं आणि आईनं त्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचा. निवडणुकीला मतदान करून आलेल्या मुली ह्या! सरकार निवडायची अक्कल त्यांना आहे, बदाम सोलायची नाही. मी एकदा ह्यांना तसं म्हणालेही. हे म्हणाले, "सगळे करून राहिलेत तर आपणच कामून येगळं वागायचं?" आमच्या घरातले बहुतेक निर्णय ह्या एका वाक्यावर झालेले आहेत.

माझी बारी सगळ्यांत शेवटी होती. त्याआधीच हिवाळ्यातल्या परीक्षेचे निकाल लागले. दुपारी मी धपाट्यांचं पीठ भिजवत होते. फोन वाजला म्हणून कोपरानं उघडून पाहिलं तर ग्रुपवर अध्यक्षीणबाईंचा निरोप, हात जोडलेल्या चित्रासकट: "एका लेकीचा एम-थ्री राहिला आहे. काळजी करू नये, आपण सगळे तिच्या पाठीशी आहोत." एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित, पोरांना घाम फोडणारं. लेक कोणाची ते बाईंनी लिहिलं नव्हतं, मोठ्या मनाच्या त्या. पण खाली बाकीच्या दोघींनी मलाच धीर दिला, तेव्हा समजलं.

मी पिठाच्या हातानं मुलीला फोन लावला. तिनं बऱ्याच वेळानं उचलला आणि म्हणाली, "तुला कळालं असंल की." बस्स. मला पेपर राहिल्याचं काही वाटलं नाही, खरंच सांगते; पेपर राहतात आणि निघतात. माझ्या पोरीचं दुःख चार घरं फिरून, हात जोडून, माझ्यापर्यंत आलं, ह्याचं मला वाईट वाटलं. लहानपणी पायात काटा मोडला तरी ती रस्त्यावरून ओरडत आधी माझ्याकडं यायची. आता तिला सांगायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं ह्या लोकांनी. असंच चाललं तर ती मला पुन्हा कधी काही सांगायची नाही, ही भीती तेव्हा बसली ती बसलीच.

रविवारी आमच्याच घरी बैठक. चार बाप सोफ्यावर, तीन आया खाली सतरंजीवर, चौथी नांदेडला बारीवर, आणि जिचा पेपर राहिला तीही तिथंच. चहा झाला, चिवडा झाला. मग अध्यक्षीणबाईंनी उपाय सांगितले. एम-थ्रीची शिकवणी लावायची, ह्या मुलीचा फोन दिवसाही डब्यात ठेवायचा आणि तिनं अभ्यासाला खोलीत न बसता काकूंच्या समोर बसायचं. प्राध्यापकसाहेब मान डोलवत होते. त्यांच्या स्वतःच्या वर्गात पोरं किती आणि बाक किती रिकामे, हे अख्ख्या लातूरला ठाऊक आहे. आमचे हे म्हणाले, "बरोबर हाय. लई मोकळी सुटल्यासारखी झाली होती." माझ्या तोंडात चिवडा होता म्हणून मी वाचले, नाहीतर पाहुण्यांसमोर शोभलं नसतं.

त्या आठवड्यात मुलीनं स्वतःहून फोन केला. मी हरखले. ती म्हणाली, "आई, पुढची बारी तुझी हाय. तूबी ह्या काकूंसारखीच येणार असशील तर नको येऊ." मी म्हटलं, "न्हाई येणार तशी." ती म्हणाली, "सगळ्याच असं म्हणतात." आणि ठेवला.

मी गेले. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला उतरले, रिक्षा केली. फ्लॅटचं दार उघडं होतं. चौघी हॉलमध्ये वह्या उघडून बसलेल्या, दुपारचे तीन वाजले असतील. पाठ ताठ, नजर खाली, पेन हातात. माझ्या मुलीसमोरचं पुस्तक तर मधोमध उघडलं होतं, जिथून पुस्तक आपोआप उघडतं तिथं. तीन बाऱ्यांत आमच्या पोरी काय शिकल्या असतील तर हे. आम्ही त्यांना नाटकमंडळीत घातल्यासारखं झालं होतं आणि त्या चांगल्या तयार झाल्या होत्या.

मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, "माझ्यासाठी वाचू नका गं. मला त्यातलं काही समजत न्हाई." कोणी हललं नाही. मग मी डबा शोधला, फोनचा. धुऊन पुसून त्यात आणलेली शेंगदाण्याची चटणी भरली. तेव्हा पहिल्यांदा एक जण हसली, अध्यक्षीणबाईंचीच मुलगी.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या घरात काहीच केलं नाही. काहीच न करणं किती अवघड असतं! सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला मुली आपली आपण करायला लागल्या. पहिल्यांदा हळद इतकी पडली की हात पिवळे झाले. मी डोळे मिटून खाल्ली. मग पदर खोचून बाहेर पडायची. गुरुद्वाऱ्यात जाऊन बसायची, लंगरात पंगतीला बसून जेवायची, उन्हं उतरली की गोदावरीच्या घाटावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपलं ताट दुसऱ्यानं वाढावं आणि नंतर भांडी घासायला कोणी हाक मारू नये, असं सुख मला पहिल्यांदा नांदेडला मिळालं. मुली वाचत होत्या की नाही, मला माहीत नाही. घरात हसणं ऐकू यायला लागलं, भांडणंही झाली भांड्यांवरून. माझी मुलगी मात्र माझ्याकडं अजून अंतर ठेवूनच बघायची. ही किती दिवस टिकते ते बघू, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

सात वाजता ग्रुपवर विचारणा सुरू व्हायची. "फोटो?" मी पहिल्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटाचा फोटो टाकला, छान लाल पाणी होतं. त्यावर कोणाचा अंगठा आला नाही. ह्यांचा फोन आला, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना सांगा, गोदावरीला पाणी बरं हाय."

दोन-तीन दिवसांत अध्यक्षीणबाई स्वतः तपासणीला आल्या. त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला मात्र, आणि मी जे पाहिलं ते विसरायची नाही. त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत शेंगा खात होती. ती उतरली, टरफलं खिडकीबाहेर गेली, ओढणी सावरली, पुस्तक हातात आलं, चेहरा सुतकी झाला. सगळं बाईंनी चपला काढायच्या आत. त्या चपळाईला मार्क असते तर ती पोर विद्यापीठात पहिली आली असती.

बाई बसल्या नाहीत. "तुम्ही हे काय करून राहिलात? पोरी स्वयंपाक करायल्यात अन् तुम्ही घाटावर?"

"हाव," मी म्हटलं. "चहा घेता का? पोरींनीच केलाय."

"उद्या ह्या बिघडल्या तर जिम्मेदारी कोणाची? तुमच्या पोरीचा तर एक पेपर राहिलाच हाय. तुम्हाला काही वाटत न्हाई का?"

मी काहीतरी झणझणीत बोलणार होते, तयारच होतं जिभेवर. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी मुलगी दारात आली. "काकू, तो पेपर माझा हाय. मी देईन. मला हॉस्टेलला जायचंय." बोलली काकूंशी, पण बघत होती माझ्याकडं.

मी म्हटलं, "जा."

एवढंच. ह्यांना विचारलं नाही, ग्रुपला विचारलं नाही. बाईंनी चहा न घेता पर्स काखेत मारली आणि जिन्यातूनच फोन लावला. संध्याकाळी मला ग्रुपमधून आणि बारीतूनही काढून टाकण्यात आलं. त्या दिवशी मला कोणी साडी घेऊन दिली असती तरी इतका आनंद झाला नसता. मुलीचं सामान एका रिक्षात मावलं. हॉस्टेलच्या फाटकाशी तिनं माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाली, "आत नको येऊ." मी नाही गेले. रडूही आलं मला, पण ते एसटीत.

लातूरला हे बरेच दिवस तोंड फुगवून होते. सकाळची इष्टलिंगाची पूजा झाली की बोलायला तोंड उघडायचे ते फक्त, "एकटी पोर तिथं," एवढं म्हणायला. मग त्यांना कळलं की हॉस्टेलला रेक्टर असतात. रोज रेक्टरबाईंना फोन. शेवटी त्या बाईंनी सांगितलं, दादा, मुलीला फोन करा, तिच्याकडं फोन आहे. इतकी सोपी गोष्ट दुसऱ्या बाईनं सांगावी लागली ह्या माणसाला. तरी त्यांनी मुलीला केला नाही. केला तर विचारायचं काय, हेच त्यांना येत नव्हतं. मार्क सोडून बोलायची सवय अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांतच मोडली होती.

उन्हाळ्यात तिनं एम-थ्री पुन्हा दिला. निकाल कधी, मी विचारलं नाही. विचारू नये म्हणून काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत; घरातले सगळे डबे घासून झाले, मग शेजारणीच्या पापडांना गेले.

एका दुपारी शेंगदाणे भाजत होते तेव्हा फोन वाजला. मुलगी. श्वास लागलेला, जिना उतरून आल्यासारखा.

"आई, परत गेला एम-थ्री." ती म्हणाली, "आत्ताच बघितलं. अजून कोणालाच सांगितलं न्हाई. रूममेटलाबी न्हाई."

मग ती रडली. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. समजूत घातली नाही, पुढच्या वेळचं बोलले नाही. ती रडत होती आणि मी ऐकत होते. माझी पोर नापास झाली होती आणि माझ्या अंगावरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं. असं कोणत्या आईला वाटतं? मला वाटलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, ठेवते, मेस बंद होईल.

हे जेवायला आले तेव्हा शेंगदाणे अर्धे कच्चेच होते. त्यांनी विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"पोरीचा."

"काय म्हणाली?"

मी ताट वाढलं. भाकरी ठेवली, आमटी वाढली. "तुम्हाला सांगावं वाटलं तर सांगंल ती," मी म्हटलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत, खाली मान घालून जेवले. पण त्या दिवसापासून दुकानात त्यांचा फोन खिशात नसतो. गल्ल्याशेजारी, खिळ्यांच्या डब्याला टेकवून उभा ठेवतात, वाजला तर लगेच दिसावा म्हणून.